अन्न, पाणी आणि दृश्य : मराठी प्रवासवर्णनाची एक कसोटी

१

मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा करताना सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. लेखकाने माहिती किती दिली, हा पहिला. आणि त्या माहितीस त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा रंग कितपत चढला, हा दुसरा. वसंत सावंत यांच्या ‘प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार’ या १९८७ च्या ग्रंथापासून तर या लेखनाकडे स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची दृष्टी अभ्यासकांत रुजली आहे. तथापि या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उपेक्षित राहिला आहे, असे म्हणावयास जागा आहे. प्रवासवर्णनात खाण्याचे, पिण्याचे आणि निसर्गशोभेचे उल्लेख पानोपानी येतात. समीक्षक त्यांना लेखनाची सजावट मानतात आणि पुढे जातात. वस्तुतः प्रवाशाचे त्या भूमीशी नाते काय आहे, हे त्याच्या देशविषयक मतांपेक्षा या तीन ठिकाणीच अधिक स्पष्टपणे उमटते. मते वाचनातून उसनी घेता येतात. ताटातील घास मात्र प्रत्येकाला स्वतःच गिळावा लागतो.

मराठी बोलीने या संदर्भात एक मार्मिक भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. माणूस पोटासाठी हिंडतो, जिभेसाठी हिंडतो आणि डोळ्यांसाठीही हिंडतो. पोटासाठी हिंडणे ही गरज आहे. उरलेल्या दोहोंस फुरसत आणि पैसा लागतो. आज जगभर खाद्य, पेय आणि सृष्टिसौंदर्य यांच्यासाठी होणारा प्रवास हा मोठा उद्योग झाला आहे आणि मराठी कुटुंबेही त्यात हौसेने सामील झाली आहेत. परंतु जिभेसाठी निघालेला प्रवासी ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने पोटासाठी निघालेला माणूसही जात असतो. प्रवासवर्णनकाराला हा दुसरा वाटसरू दिसतो की नाही, ही त्या लेखनाची एक कसोटी ठरू शकेल. तीच येथे काही निवडक ग्रंथांना लावून पाहावयाची आहे.

२

अशी कसोटी हवेत लावता येत नाही. तिला जमिनीचा एक तुकडा लागतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके त्या दृष्टीने अभ्यासास सोयीचे आहेत. शिरूर, ज्याला जुने लोक घोडनदी म्हणून ओळखतात, तेथून दक्षिणेकडे चौफुल्याला जाणारा रस्ता न्हावरे या गावावरून जातो आणि पुढे भीमा ओलांडून दौंड तालुक्यातील केडगावाजवळ पोहोचतो. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील, म्हणून जात्याच अवर्षणाचा मुलूख. ज्वारी आणि बाजरी ही त्याची जुनी पिके. घोड नदीवरील चिंचणीचे धरण आणि कालवे यांमुळे येथे ऊस आला, न्हावऱ्यास घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्या माळावर मेंढरे चरत त्याच्या काही भागावर हिरवा रंग चढला.

रूढ अर्थाने न्हावरे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तरीही या पट्ट्यातून होणारे प्रवास मोजू गेल्यास त्यांत प्रवासाचे जवळजवळ सर्व प्रकार सापडतात. अष्टविनायकांच्या यात्रेकरूंची वाहने रांजणगावच्या महागणपतीकडून भीमेकाठच्या सिद्धटेकाकडे जातात. कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहावयास लोक निघोजला आणि टाकळी हाजीला येतात. मोराची चिंचोली येथे शहरातील कुटुंबे मोर पाहावयास, बैलगाडीत बसावयास आणि हुरडा खावयास येतात. दौंड तालुक्यातील यवत येथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो आणि तेथील ग्रामस्थ वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण घालतात. आणि दसरा-दिवाळी उलटली की बीड-नगरकडील ऊसतोडणीच्या टोळ्या आपली भांडीकुंडी आणि पोरेबाळे घेऊन साखर कारखान्यांच्या शिवारांत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा प्रवास असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो आणि हंगामभर त्यांचे घर म्हणजे पाचटाची वा ताडपत्रीची कोपी.

एकाच थंडीच्या दिवसात, एकाच रस्त्यावरून, एक गाडी हुरड्यासाठी येते आणि दुसरी भाकरीसाठी. पहिलीतील माणसांना उसाचे शिवार ‘हिरवेगार दृश्य’ वाटते. दुसरीतील माणसांना ते पहाटेपासून तोडावयाचे काम असते. दृश्य एकच आहे; त्याच्याकडे पाहणारे मात्र दोन आहेत. मराठी प्रवासवर्णनाने यांपैकी कोणाचे डोळे घेतले, हा खरा प्रश्न होय.

३

जुन्या मराठी प्रवासात अन्न हे गंतव्य नव्हते, ते शिदोरी होते. घरून बांधून घ्यावयाचे आणि परक्याच्या हातचे शक्य तोवर टाळावयाचे, हा त्यातील दंडक. समुद्रपर्यटनास असलेल्या विरोधाचेही एक मोठे कारण खाणेपिणे हेच होते. आगबोटीवर सोवळे कसे पाळावयाचे, या शंकेवर एकोणिसाव्या शतकात किती शाई खर्च झाली! पेयाची गोष्ट याहून वेगळी नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात घेतलेल्या चहाने टिळक-रानड्यांसारख्यांनाही ग्रामण्याच्या आणि प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात ओढले. हे प्रकरण चव्हाट्यावर आणणारे गोपाळराव जोशी हे अमेरिकेत वैद्यकीचे शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाईंचे पती होते, ही बाब लक्षणीय आहे. ज्या घराने सातासमुद्रापलीकडे जाऊन खाण्यापिण्याचे नियम सांभाळण्याची कसरत पाहिली होती, त्याच घरातून पुण्याच्या पुढाऱ्यांच्या पेल्यात डोकावून पाहिले गेले. पेला लहान असला तरी त्यात समाज मावत होता.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचला पाहिजे. १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून निघालेले गोडसे भटजी देशाटनाच्या हौसेने निघाले नव्हते. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळण्याची आशा होती. हा सरळसरळ पोटासाठीचा प्रवास. वाटेत बंडाची धामधूम उसळली आणि भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित पुढे १९६६ मध्ये द. वा. पोतदारांनी प्रकाशात आणले. तेव्हापासून त्याची चर्चा मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून होते. परंतु वाङ्मय म्हणून त्याचे बळ कशात आहे? लेखकाला मेजवानीचे वर्णन करण्यात रस आहे आणि तो रस तो लपवीत नाही. तसेच उपासमारीचे आणि जिवाच्या भीतीचेही तो लपवीत नाही. भरलेले पान आणि रिकामे पोट या दोन्ही गोष्टी एकाच निवेदकाने एकाच सुरात सांगितल्या आहेत. म्हणून त्याच्या ग्रंथातील पक्वान्नांना वजन आहे. पानावर बसलेल्या माणसाला ते पान उद्या मिळेलच अशी शाश्वती नाही, हे वाचक जाणतो.

प्रवासाच्या अखेरीस गोडसे भटजी द्रव्य गमावून, पण गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतात आणि आईवडिलांना गंगास्नान घडवितात. येथे पाणी हे पिण्याची वा पाहण्याची वस्तू उरलेली नाही. ते वाहून आणलेले ओझे आहे. आजच्या प्रवासी गंगेच्या काठी उभा राहून सूर्योदयाचे वर्णन करतो. गोडशांनी तिचे पाणी शेकडो मैल पायी वाहिले. सौंदर्यदृष्टी कोणाची अधिक, हा वाद बाजूस ठेवला, तरी नदीशी जवळीक कोणाची अधिक होती याविषयी संशय राहत नाही.

४

न्हावऱ्याच्या दक्षिणेस, भीमेपलीकडे, केडगाव आहे. मराठी प्रवासवाङ्मयातील एक अत्यंत महत्त्वाची लेखिका तेथे आयुष्याच्या उत्तरार्धात राहिली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच निवर्तली. पंडिता रमाबाई यांचे नाव निघताच मुक्तिसदन, धर्मांतर आणि स्त्रीशिक्षण यांचा विचार होतो. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या १८८९ च्या त्यांच्या ग्रंथाकडे मात्र मराठीच्या अभ्यासकांनी जितके द्यावयास हवे होते तितके लक्ष दिले नाही. २००३ मध्ये या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे अमेरिकेत प्रसिद्ध झाली, त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचे. आणि त्यानंतर परक्या विद्यापीठांत त्याची चर्चा वाढली. मूळ मराठी ग्रंथाच्या वाट्याला हा योग यावा, याची नोंद विद्यापीठीय वर्तुळाने घेतलेली बरी.

ग्रंथाच्या नावातील शब्दक्रमच बोलका आहे. ‘लोकस्थिति’ आधी, ‘प्रवासवृत्त’ नंतर. रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि सुमारे पावणेतीन वर्षे त्या देशात हिंडल्या. व्याख्याने देणे, निधी जमविणे आणि शाळा पाहणे हा त्यांचा उद्योग होता. ग्रंथात राज्यव्यवस्था, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार आणि स्त्रियांची स्थिती यांचा विस्तृत विचार आहे. मूळच्या रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाची नोंदही आहे. देश म्हणजे तेथील माणसांची परस्परांशी वागणूक, हा या लेखिकेचा पायाभूत विचार दिसतो.

ही दृष्टी कोठून आली? रमाबाईंच्या पूर्वायुष्यात तिचे उत्तर आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थे फिरत असत. म्हणजे रमाबाईंचे बालपण हाच एक अखंड प्रवास होता. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने तिरुपतीजवळच्या रानात जे दिवस काढले, त्यांचे वर्णन त्यांनी पुढे स्वतः केले आहे. पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानटी खजूर यांवर कित्येक दिवस गेले. आईवडील आणि बहीण त्या काळात एकामागून एक दगावली. त्यानंतर बहीणभाऊ पायी उत्तरेकडे गेले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणून अंग वाळूने झाकून घेतले होते.

अन्न, पाणी आणि निसर्ग ही तिन्ही येथे आहेत. डोंगरातील रान आहे, नदीचा काठ आहे, वनातील फळ आहे. सहलीच्या पुस्तिकेत शोभावे असे सारे साहित्य आहे आणि त्याचा अर्थ मात्र मृत्यू असा आहे. ज्या स्त्रीने रानातील पाने सौंदर्य म्हणून पाहण्याआधी अन्न म्हणून चावली, तिला परक्या देशातील डोंगर-नद्यांपेक्षा तेथील अनाथालये, शाळा आणि स्वयंपाकघरे अधिक पाहण्याजोगी वाटली, यात नवल नाही. हा रसिकतेचा अभाव म्हणून सोडून देणे म्हणजे समीक्षेने आपले काम न करणे होय.

पेयाच्या बाबतीत रमाबाईंची भूमिका याहून ठळक आहे. अमेरिकेतील स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाने त्यांना फार प्रभावित केले आणि फ्रान्सेस विलर्ड यांच्याविषयी त्यांना अपार आदर वाटला. या संघाच्या कामाला ग्रंथात मोठी जागा मिळाली आहे. एखाद्या देशात दारू कशी मिळते, तिची चव काय, हे सांगणारे प्रवासी पुष्कळ झाले. पुरुषाच्या पेल्याची किंमत घरातील स्त्री आणि मुले कशी चुकवितात आणि त्याविरुद्ध स्त्रियांनी संघटना कशी बांधली, हे मराठीत प्रवासवर्णनाच्या रूपाने सांगणारी ही लेखिका होती. पेय हा आस्वादाचा विषय न राहता लोकस्थितीचा विषय झाला, तो असा.

अन्नाच्या बाबतीत त्यांचा पिंड आणखी गुंतागुंतीचा आहे. इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु शाकाहार त्यांनी सोडला नाही. हा जातीचा अवशेष आहे, असे तेथील त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना वाटे. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात या वादाचे पडसाद आहेत. धर्म बदलला म्हणून ताट बदललेच पाहिजे, ही मागणी रमाबाईंनी मान्य केली नाही. परदेशात जाऊन तेथील अन्न चाखणे म्हणजे मोकळेपणा आणि न चाखणे म्हणजे कोतेपणा, अशी सोपी विभागणी आज केली जाते. रमाबाईंचे उदाहरण ती मोडून काढते. समाजाचे सर्वांत मोठे बंधन तोडलेली ही स्त्री ताटाच्या बाबतीत मात्र इंग्रजांच्या आग्रहासही वाकली नाही. तिच्या नकारात मोकळेपणाच आहे.

मात्र या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अमेरिकेतील प्रजासत्ताकाविषयीची लेखिकेची ओढ इतकी उत्कट आहे की काही ठिकाणी वर्णन हे स्तुतीच्या पातळीवर जाते. माहितीचा भार मोठा आहे आणि सहज आनंदाच्या जागा थोड्या आहेत. प्रवासातील निर्हेतुक विस्मय हे या वाङ्मयप्रकाराचे एक न्याय्य धन आहे आणि ते येथे हात राखून वापरले आहे. तथापि या ग्रंथाची परीक्षा केवळ पानांत संपत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या कोरड्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली आणि शेकडो मुलींच्या पानांत दोन वेळा अन्न पडू लागले. सर्वांनी मिळून जेवावयाचे ते अन्न आणि सर्वांनी मिळून काढावयाचे ते पाणी हे त्या प्रवासाचे अखेरचे प्रकरण होय. ते पुस्तकात नाही, दौंड तालुक्यात आहे.

५

रमाबाईंनंतर मराठी प्रवासवर्णनाचा प्रवाह दोन दिशांनी गेला. एक दिशा इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात दिसते. ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहातील हा लेख पंढरीच्या वारीविषयी आहे. त्याचे इंग्रजी रूपही १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिंडीबरोबर चालताना लेखिका काळी जमीन, आभाळ आणि माणसे पाहते. तिची दृष्टी रमते, हे तिच्या वर्णनांतून कळते. परंतु दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे पाहताच तिचे मन अस्वस्थ होते. अभंग एकत्र म्हणावयाचे आणि घास वेगळा खावयाचा, ही विसंगती तिला सलत राहते. समाजशास्त्रज्ञाचे शास्त्र आणि प्रवाशाचे मन येथे एका पानावरच्या भाकरीपाशी एकत्र आले आहेत. वारीचे माहात्म्य सांगणारे लेखन विपुल आहे. पंगतीकडे पाहून वारीचा प्रश्न विचारणारे लेखन विरळा.

दुसरी दिशा मध्यमवर्गाच्या परदेशप्रवासाची. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या १९४० च्या पुस्तकाने प्रवासवर्णनास ललितरूप दिले. गंगाधर गाडगीळांनी ‘साता समुद्रापलीकडे’ मध्ये सूक्ष्म संवेदनांची नोंद केली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांनी तर या प्रकारास अपार लोकप्रियता मिळवून दिली. पु. लं.ना खाण्याची आवड होती. ‘हसवणूक’ मधील ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख त्या आवडीची साक्ष आहे. परंतु प्रवासवर्णनात ते खाण्याचा उपयोग कशासाठी करतात, हे पाहिले पाहिजे. परक्या ताटासमोर बसलेला मराठी माणूस हा त्यांच्या विनोदाचा विषय आहे. त्या माणसाची गोंधळलेली जीभ आणि घरच्या चवीची आठवण यांना ते हसतात आणि त्या हसण्यात स्वतःलाही सोडत नाहीत. खाणारा स्वतःकडे पाहू शकतो, म्हणून तेथे भोग असूनही दर्प नाही. पोटासाठी हिंडणारा माणूस त्यांच्या प्रवासपुस्तकांच्या केंद्रस्थानी नाही, हे खरे. पण ज्या वर्गातून ते आले त्याची नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे.

पु. लं.च्या अनुकरणातून पुढे जे पीक आले, त्याबाबत मात्र इतके उदार होता येत नाही. विनोदामागील आत्मपरीक्षा गळून पडली आणि ताटे मात्र राहिली. अमुक शहरात अमुक चाखले, तमुक सरोवराकाठी सूर्य बुडाला, अशा नोंदींची मालिका म्हणजे प्रवासवर्णन अशी समजूत रूढ झाली. संघटित सहलींनी तिला हातभार लावला. परदेशातही घरच्यासारखे जेवण देण्याची हमी ही या व्यवसायाची मोठी जाहिरात ठरली. म्हणजे एके काळी सोवळ्यासाठी बांधलेली शिदोरी आता सोयीसाठी बांधली जाते. प्रवासी सातासमुद्रापलीकडे जातो आणि परक्या चुलीशी त्याची गाठ पडत नाही; डोंगर मात्र तो खिडकीतून पाहून घेतो. अन्न आपले आणि दृश्य त्यांचे, अशा या वाटणीत तेथील माणूस नेमका गळतो.

६

या भोगदृष्टीचे सर्वांत ताजे रूप पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. न्हावऱ्याच्या परिसरात ते पाहावयास मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याआधीच मोराच्या चिंचोलीसारख्या गावांनी या धंद्यात नाव मिळविले होते. थंडीत रब्बी ज्वारीची कणसे दुधाळ असताना ती गोवऱ्यांच्या आगटीत भाजावयाची, तळहातावर चोळून दाणे मोकळे करावयाचे आणि चटणी-गुळाबरोबर खावयाचे, हा हुरडा शेतकऱ्याच्या वर्षातील एक कोवळा आनंद होता. पाव्हण्याला शेतावर नेऊन हुरडा देणे यात जिव्हाळा होता. आता त्याला दर आहे, वेळ आहे आणि पाव्हणा हा ग्राहक आहे. यात शेतकऱ्यास चार पैसे मिळतात आणि अवर्षणाच्या मुलखात ते मिळावेत यात गैर काहीच नाही. गैर आहे ते या अनुभवाविषयीच्या लेखनात. त्या लेखनात ज्वारी केवळ हुरड्यापुरती उरते.

ज्वारीची उरलेली कथा ही की याच शिवारात ती उसामुळे मागे हटली. तिची आणखी एक कथा १९७२ ची आहे. त्या दुष्काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत माणसे खडी फोडावयास गेली आणि त्यांच्या पदरात सुकडी पडली, लाल मिलो पडला. हा मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी. ज्या देशाची लोकस्थिती रमाबाईंनी १८८९ मध्ये मराठी वाचकांना सांगितली, त्या देशाचे धान्य असे येथे पोहोचले. माणसाने जगभर अन्नासाठी हिंडावे, हा एक प्रवास झाला. अन्नानेच जगभर हिंडून भुकेल्याच्या दारी यावे, हा दुसरा. मराठी प्रवासवर्णनाने पहिल्याची पुस्तके केली. दुसऱ्याचे प्रवासवृत्त अजून लिहावयाचे आहे. तसेच दरवर्षी कारखान्याच्या हंगामात येणाऱ्या कोयत्याचेही.

यावरून आस्वाद हा दोष आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. गोडसे भटजींना पक्वान्न आवडते, कर्व्यांना आभाळ आवडते, पु. लं.ना दोन्ही. यवतच्या पंगतीत वाढलेल्या पिठल्याची चव वारकऱ्यास गोड लागते ती भुकेमुळे आणि वाढणाऱ्या हातामुळे. त्या गोडीवर टीका करावयाची नाही. टीका करावयाची ती अशा लेखनावर, जे घास घेते आणि हात विसरते. पेला उचलते आणि विहीर विसरते. शिवार पाहते आणि त्यात वाकलेली पाठ पाहत नाही. असे लेखन नीतीच्या दृष्टीने उणे आहे, एवढेच नव्हे. ते वाङ्मय म्हणूनही उणे आहे. कारण ज्या वस्तूचा उगम लेखकाला दिसला नाही, तिचे रूपही त्याला अर्धेच दिसलेले असते. गोडशांची कावड, रमाबाईंची रानातली पाने आणि कर्व्यांची दुभंगलेली पंगत ही वाचकाच्या मनात राहतात ती वर्णनाच्या कौशल्याने नव्हे. त्या वस्तू पुऱ्या दिसल्या आहेत म्हणून.

मराठी विभागांतून प्रवासवर्णनाचा अभ्यास यापुढे करावयाचा तर वर्णनशैलीच्या मोजमापाबरोबर हा प्रश्नही प्रत्येक ग्रंथास विचारला गेला पाहिजे : प्रवासी ज्या ताटावर बसला, ते ताट वाढणारे, पिकविणारे आणि त्या पंगतीत बसू न शकलेले, यांपैकी कितीजण त्याच्या पुस्तकात आले? ‘लोकस्थिति’ हा शब्द रमाबाईंनी १८८९ मध्येच मुखपृष्ठावर प्रथम घातला होता. त्याचे स्थान तेच राहावे, इतकेच या कसोटीचे मागणे आहे.